नवीन पुस्तकांवर अभ्यासकांशी गप्पा असलेले पॉडकास्ट: कुठून सुरुवात करू?

सीनाकाठ:

नमस्कार मंडळी. मी करमाळा तालुक्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. रोज एसटीत जाऊन येऊन दोन अडीच तास जातात, त्यात पुस्तक वाचलं की डोकं गरगरतं म्हणून गेल्या दिवाळीपासून कानात हेडफोन घालायला लागले. आधी गाणी ऐकायचे, मग एकदा असंच शोधता शोधता प्रशांत किदंबी यांची मुलाखत लागली. ते इंग्लंडात लेस्टर विद्यापीठात असतात आणि १९११ साली पहिल्यांदा हिंदुस्थानची म्हणून जी क्रिकेट टीम इंग्लंडला गेली तिच्यावर त्यांचं २०१९ मध्ये पुस्तक आलंय. पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग कॅप्टन, जेमतेम एकोणीस वर्षांचे, आणि टीममध्ये पारशी हिंदू मुसलमान सगळे, आणि त्यातच दलित समाजातले पळवणकर बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम. बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ विकेट काढल्या. मी इतिहासात एमए केलंय, नेट पास आहे, आणि मला पळवणकर बाळू हे नाव फक्त कुठेतरी एका ओळीत वाचल्यासारखं माहीत होतं. जेऊरचा स्टॉप कधी गेला ते कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी अकरावीच्या वर्गात हे सांगितलं. एरवी मागच्या बाकावर झोपणारी मुलं सरळ होऊन बसली. एका मुलाने विचारलं, मॅडम एवढ्या विकेट काढल्या तर मग कॅप्टन का नाही केलं त्यांना? मी त्याला सांगितलं की धर्माप्रमाणे टीम असायच्या त्या चौरंगी सामन्यांत हिंदूंच्या टीमचं कप्तानपद बाळूंना कधीच मिळालं नाही, ते शेवटी १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. वर्ग एकदम गप्प झाला, पुढे मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

तर मला असं आणखी ऐकायचंय. म्हणजे ज्याने आठ दहा वर्षं एका विषयात घातलीत तो माणूस स्वतःच्या नवीन पुस्तकाबद्दल तासभर बोलतोय आणि समोरच्याने ते पुस्तक खरंच वाचलंय, असं. ही पुस्तकं विकत घेणं मला परवडत नाही, परदेशी विद्यापीठाच्या प्रेसचं पुठ्ठा बांधणीचं पुस्तक सात आठ हजाराच्या घरात जातं, आणि इकडे ग्रंथालयात ती येत नाहीत. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी केली तर बाहेरच्यांना मेंबरशिप बंद आहे म्हणाले.

अडचण एक म्हणजे इंग्रजी. वाचायला येतं नीट, पण ऐकताना विशेषतः अमेरिकन लोक बोलायला लागले की अर्धं सुटतं. दुसरी गोष्ट, पुस्तक न वाचता नुसती मुलाखत ऐकून वर्गात सांगणं बरोबर आहे का, हे मनाला लागून राहिलंय. आणि मराठीत असं काही आहे का? घरी वडील आहेत, त्यांनाही ऐकवायचंय.

---

तळटीप:

सीनाकाठ, तुमचा तो वर्गातला प्रसंग वाचून फार बरं वाटलं.

तुम्हाला जे हवंय त्याची सगळ्यात मोठी खाण म्हणजे न्यू बुक्स नेटवर्क. मार्शल पो नावाचे रशियाच्या इतिहासाचे अभ्यासक, त्यांनी २००७ मध्ये फक्त इतिहासाच्या नवीन पुस्तकांसाठी सुरू केलं होतं, मग ते वाढत वाढत आता शंभराच्या वर विषयांची वेगवेगळी चॅनेल झालीत, दक्षिण आशियाचं वेगळं, हिंदू धर्माच्या अभ्यासाचं वेगळं, भाषाशास्त्राचं, अन्नाच्या इतिहासाचं, काय हवं ते. मुलाखत घेणारे बहुतेक स्वतः प्राध्यापक किंवा पीएचडीवाले, आवडीने करणारे. त्यामुळे दर्जा एकसारखा नाही हे आधीच सांगते. एखादा होस्ट पुस्तकाचं प्रकरण न् प्रकरण खणतो, दुसरा नुसती लिहून आणलेली प्रश्नावली वाचतो. आवाजही कधी विहिरीतून आल्यासारखा. पण हजारो एपिसोड फुकट पडलेत.

माझा सल्ला, चॅनेल धरून ऐकू नका, माणूस धरून शोधा. तुम्हाला ज्या अभ्यासकाचं काम हवंय त्याचं नाव टाका आणि जिथे जिथे बोललाय तिथे ऐका, दोन वेगळ्या मुलाखती ऐकल्या की पुस्तक आणखी उलगडतं. महाराष्ट्राच्या इतिहासासाठी काही नावं देते. शैलजा पाईक, पुण्यात येरवड्यात वाढलेल्या, आता सिनसिनाटी विद्यापीठात, तमाशा आणि दलित स्त्रिया यावरचं त्यांचं पुस्तक २०२२ मध्ये आलं आणि २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेतली मानाची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. प्राची देशपांडे, मोडी लिपी आणि कारकुनी लेखन यावरचं त्यांचं काम तुम्हाला शिकवताना थेट उपयोगी पडेल. ख्रिश्चन नोवेत्झके, यादव काळातल्या मराठीवर. आणि जॉन क्यून, संत एकनाथांवर.

वेग कमी करा. प्रत्येक अ‍ॅपमध्ये सोय असते, ०.८ वर ठेवा. पहिले दोन दिवस माणूस झोपेत बोलल्यासारखा वाटतो, नंतर कान बसतो. आणि सुरुवातीचा भाग पुढे ढकलू नका. जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत पहिला प्रश्न असतो की तुम्ही या विषयाकडे कसे वळलात, आणि लोक म्हणतात हे कंटाळवाणं आहे. मला उलट वाटतं. पुस्तकात हे कुठेच नसतं, फार तर ऋणनिर्देशात दोन ओळी. कुणी भलतंच काहीतरी शोधायला गेलेला असतो आणि शेजारच्या फायलीत त्याला विषय सापडतो, कुणाच्या आजीने सांगितलेल्या गोष्टीतून सगळं सुरू झालेलं असतं. तुमच्या अकरावीच्या मुलांना संशोधन म्हणजे काय असतं हे त्या दहा मिनिटांत जास्त कळेल.

---

बर्फात_भाकरी:

मी गेली नऊ वर्षं अमेरिकेत मिनेसोटात आहे, हिवाळ्यात इथे ऑफिसला जाताना गाडीत पॉडकास्ट हाच आधार. तळटीप यांनी दिलेल्यात थोडी भर टाकतो.

अमित वर्मांचं द सीन अँड द अनसीन, २०१७ पासून चालू आहे. सुरुवातीला एपिसोड छोटे होते, आता चार चार, पाच पाच तास. घाबरू नका, तुमच्या एसटीच्या दोन दिवसांत एक होईल. भारतातले उच्चार, त्यामुळे कानाला सोपं, आणि ते समोरच्याचं बालपण, शाळा, वाचन सगळं विचारतात, मग पुस्तकाकडे येतात. दुसरं ग्रँड तमाशा, नाव तमाशा पण विषय भारताचं राजकारण आणि अर्थकारण, मिलन वैष्णव घेतात, २०१९ पासून. हे आटोपशीर असतं, पाऊण तास, आणि वैष्णव स्वतः राज्यशास्त्रज्ञ असल्याने प्रश्न टोकदार. श्रुती राजगोपालन यांचं आयडियाज ऑफ इंडिया पण ऐका, त्यात तरुण संशोधकही येतात, आणि मुख्य म्हणजे पूर्ण संभाषण टाइप केलेलं साइटवर मिळतं.

हा शेवटचा मुद्दा तुमच्यासाठी महत्त्वाचा. ऐकताना सुटतं तर समोर मजकूर ठेवून ऐका. मी स्वतः इथे आलो तेव्हा मीटिंगमध्ये अर्धं डोक्यावरून जायचं, मग मी महिनाभर रोज रात्री एक मुलाखत मजकूर डोळ्यासमोर ठेवून ऐकली, फरक पडला. अ‍ॅपलच्या पॉडकास्ट अ‍ॅपमध्ये २०२४ पासून मजकूर आपोआप दिसायला लागला, तेव्हा इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश अशा चार भाषांत आला. यूट्यूबवर एपिसोड असेल तर तिथेही खाली अक्षरं येतात, नावांची वाट लावतात पण काम भागतं.

आणि बीबीसीचं इन अवर टाइम. ते नवीन पुस्तकावर नसतं, एक विषय घेऊन तीन अभ्यासक बसतात, १९९८ पासून चालू आहे, मेल्विन ब्रॅग यांनी २०२५ पर्यंत ते चालवलं. पण ऐकायची सवय व्हायला याच्यासारखं काही नाही, कारण ब्रॅग मध्येच थांबवून विचारायचे की थांबा, हे सोपं करून सांगा. तीन माणसं एकमेकांशी असहमत होताना ऐकायला मिळतात, जे एका लेखकाच्या मुलाखतीत कधीच होत नाही.

---

जुनी_पेठ:

इथे थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मी सत्तरीचा आहे, पुण्यात राहतो, वाचन हा आयुष्यभराचा छंद.

मुलाखत म्हणजे पुस्तक नव्हे. लेखक स्वतःच्या पुस्तकाबद्दल बोलणार म्हणजे चांगलंच बोलणार, आणि मुलाखत घेणारा बहुतेक त्याच क्षेत्रातला, उद्या त्याचंही पुस्तक येणार, तो कशाला अडचणीत आणेल? मी नातीच्या मोबाइलवर असे सात आठ कार्यक्रम ऐकले. एकातही 'तुमचा हा निष्कर्ष मला पटत नाही' असं कुणी म्हटलेलं ऐकलं नाही. आमच्या वेळी वाईहून निघणारं नवभारत किंवा समाज प्रबोधन पत्रिका यांच्यात एकेका पुस्तकावर वीस वीस पानी परीक्षण यायचं, परीक्षणकर्ता आधार तपासायचा, चूक दाखवायचा, मग लेखक पुढच्या अंकात उत्तर द्यायचा. त्यातून वाचक घडायचा. वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, मी लहानपणापासून जातोय, तिथेही वक्त्याला समोर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्याकडे बघून बोलावं लागतं. कानात एकट्याने ऐकण्यात हे काही नाही.

सीनाकाठ ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते असं की वर्गात सांगा, जरूर सांगा, पण 'मी मुलाखत ऐकली, पुस्तक वाचलेलं नाही' हेही मुलांना सांगा. मुलांना त्याने काही कमी वाटत नाही, उलट ऐकीव आणि वाचलेलं यात फरक असतो हे कळतं.

---

तळटीप:

काका, राग कसला, तुमचं बरचसं पटतं. असहमती नसते हे खरंच आहे. पण एक सांगू का, आवाजात काही गोष्टी कळतात ज्या परीक्षणात कळत नाहीत. लेखकाला कुठल्या भागाबद्दल स्वतःलाच खात्री नाही, ते तो अडखळतो तिथे कळतं. लिहिताना सगळं इस्त्री केलेलं असतं.

क्यून यांचं उदाहरण देते. पुस्तक २०२१ चं, ऑक्सफर्डने काढलेलं. प्रश्न असा, की भक्तीने जातिभेद मोडला का? यावर आपल्याकडे दोन्ही बाजूंनी किती भांडणं झालीत. ते थेट उत्तर न देता नाथांच्या जेवणाच्या गोष्टी घेतात. श्राद्धाचं अन्न नाथांनी ब्राह्मणांआधी अंत्यजांना घातलं ती गोष्ट, आणि नाथ महाराच्या घरी जेवायला गेले ती गोष्ट. मग या गोष्टी प्रत्येक काळात कशा बदलत गेल्या ते दाखवतात, संतचरित्रं लिहिणाऱ्या महिपतीने कशा सांगितल्या, पुढे नाटकांत काय झालं, प्रभातच्या १९३५ च्या धर्मात्मामध्ये बालगंधर्व नाथ झाले तेव्हा काय झालं. त्या सिनेमाचं नाव आधी महात्मा ठेवलं होतं, सेन्सॉरने ते बदलायला लावलं. तर जेवणाच्या गोष्टीची एक जुनी तऱ्हा अशी आहे की लोक चोरून बघायला गेले तर नाथ एकाच वेळी स्वतःच्या घरीही दिसतात आणि तिकडे पंगतीला बसलेलेही दिसतात, म्हणजे देवच नाथांचं रूप घेऊन गेला. आता यात नाथांनी जात मोडली की देवाने नाथांना वाचवलं? गोष्ट दोन्हीकडे झुकते, आणि क्यून यांचं म्हणणं साधारण असं की ही दोन्हीकडे झुकायची सोय आहे म्हणूनच ती इतकी शतकं टिकली.

हे मी आधी ऐकलं, मग पुस्तक मिळवलं. मुलाखत ऐकली नसती तर मी ते उघडलंच नसतं. काकांच्या मापात बसत नसेल, पण दार उघडायचं काम ती करते.

आणि सीनाकाठ, पुस्तकापर्यंत जायचे स्वस्त रस्ते: प्रकाशकाच्या साइटवर बऱ्याचदा प्रस्तावना फुकट असते, ती वाचाच, अख्ख्या पुस्तकाचा युक्तिवाद तिथे असतो. जेस्टोर या शोधलेखांच्या साठ्यावर फुकट खातं काढलं की महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात, आणि पुस्तकातलं एखादं प्रकरण आधी लेख म्हणून छापलेलं सापडतं. शिवाय भारतीय आवृत्तीची वाट बघा, परमनंट ब्लॅक, ओरिएंट ब्लॅकस्वान, नवयान यांच्या आवृत्त्या परदेशी किमतीच्या पाव भागातही मिळून जातात.

---

रेकॉर्ड_बटण:

मराठीत काय आहे या प्रश्नावर लिहितो, कारण मी करून बघितलंय.

मराठीत मुलाखती भरपूर आहेत आता. थिंक बँक आहे, मित्रम्हणे आहे, लेखक अभ्यासक त्यांच्याकडे येतात, चांगलं बोलतात. पण एका अभ्यासकाचं एकच पुस्तक समोर ठेवून, पहिल्या प्रकरणापासून शेवटपर्यंत, असं नेमाने करणारं मला सापडलं नाही म्हणून २०२१ मध्ये मी आणि एका मित्राने सुरू केलं. अकरा एपिसोड केले आणि थांबलो. का थांबलो ते सांगतो, म्हणजे पुढे कुणाला करायचं असेल तर उपयोग होईल.

एक तर वाचायला लागतं. साडेतीनशे पानांचं संशोधनाचं पुस्तक नोकरी सांभाळून नीट वाचायचं, टिपणं काढायची, प्रश्न लिहायचे, तीन आठवडे कुठे जातात कळत नाही, आणि हाती येतो पन्नास मिनिटांचा एपिसोड. पुस्तकाची प्रत मागायला प्रकाशकांना मेल टाकले, इंग्रजी प्रकाशकांकडून पीडीएफ तरी आली, एका मराठी प्रकाशकाकडून शेवटपर्यंत उत्तरच आलं नाही. रेकॉर्डिंग घरात, पंखा बंद करून, एप्रिल महिन्यात, आणि समोरच्या आंब्यावर कोकीळ. ऐकणारे दीडशेच्या आसपास. यातलं काहीच वाईट नव्हतं, पण तिसऱ्या माणसाशिवाय ओढणं शक्य नव्हतं.

आता जे मिळालं ते सांगतो. एक अभ्यासक होते, अठराव्या शतकावर काम, सगळं लेखन इंग्रजीत. आधीच म्हणाले की मला मराठीत या विषयावर बोलायची सवय नाही, शब्द सुचणार नाहीत. पहिली वीस मिनिटं खरंच तशीच गेली, दर वाक्यात आर्काइव्ह, एजन्सी, नॅरेटिव्ह, आणि मध्ये मध्ये 'म्हणजे आपलं ते काय म्हणतात'. मग मित्राने सहज विचारलं की पुण्यात पेशवे दप्तरात तुम्ही बसता तेव्हा नक्की तुमच्यासमोर काय आणून ठेवतात? आणि सर एकदम मोकळे झाले. म्हणाले रुमाल. कापडात बांधलेला गठ्ठा, त्याला रुमालच म्हणतात, चारी टोकांची गाठ, ती सोडताना हाताला येणारी धूळ, आतले लांबट कागद, मोडीतली न थांबता गेलेली ओळ, आणि एखादा कागद उलगडताना कडेला कुठे हाताची शाई लागलेली दिसते ती कुठल्या कारकुनाची असेल. इंग्रजीत त्यांनी याच गोष्टीला नुसतं बंडल म्हटलं असतं आणि पुढे गेले असते. त्यानंतर पाऊण तास ते थांबले नाहीत, आणि तेव्हा त्यांना एकही शब्द शोधावा लागला नाही. नंतर चहा घेताना म्हणाले, माझ्या आईला माझं काम काय आहे ते आज पहिल्यांदा सांगता येईल, तिला ही लिंक पाठवतो.

न्यू बुक्स नेटवर्कचं स्पॅनिश वेगळं चालतं, स्पॅनिश पुस्तकांवर स्पॅनिशमध्ये. आपल्याकडे तर पुस्तकं आपल्यावरची, कागद आपले, कित्येकदा अभ्यासकही आपलेच, आणि बोलणं मात्र आपल्यापर्यंत इंग्रजीतून फिरून येतं. मला हे फार लागतं. कुणी बरोबर यायला तयार असेल तर मी परत सुरू करायला तयार आहे. माइक अजून चालू आहे, आवाजाची साफसफाई मी करीन, वाचणारी दोन तीन माणसं हवीत.

---

जुनी_पेठ:

रेकॉर्ड बटण, तुमचा हा रुमालाचा एपिसोड मला पाठवा. आणि वाचणारं माणूस हवं म्हणालात, मला आता वेळच वेळ आहे. मी पुस्तक वाचून प्रश्न काढून देईन, अवघड प्रश्न. माइकसमोर बसायला लावू नका.

---

बर्फात_भाकरी:

मी पण आहे. इथल्या पब्लिक लायब्ररीतून आंतरग्रंथालयीन सोयीने विद्यापीठाची पुस्तकं मागवता येतात, मला एक पैसा पडत नाही, महिन्याला एक तर वाचून होईलच. नोवेत्झकेंपासून सुरू करू या का? मराठी ही दरबारातून नाही तर लोकांच्या रोजच्या व्यवहारातून लिहिती झाली, यादवांचा पैसा संस्कृत पंडितांकडे जात होता आणि लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी दरबाराबाहेर घडत होत्या, हे त्यांचं म्हणणं मराठीत बोललं गेलं नाही तर कुठे बोलणार?

---

सीनाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला कारण मी ऐकत होते. ०.८ वर ठेवलं, आणि खरंच चौथ्या दिवशी कान बसला. वहीत मिनिटं लिहायला लागलेय, १४.२० ला काय, ३१ ला काय, म्हणजे परत शोधायला सोपं जातं. जुनी पेठ काका, वर्गात तुम्ही म्हणालात तसं सांगितलं, ऐकलंय वाचलं नाही म्हणून. तोच मुलगा म्हणाला, मग मॅडम पुस्तक आलं की आम्हाला पण दाखवा.

क्यून यांची मुलाखत ऐकली आणि रात्री जेवणं झाल्यावर वडिलांना मराठीत सांगितली. माझे वडील माळकरी, पस्तीस वर्षं वारी केलीय, आता गुडघ्यांमुळे बंद आहे. मला भीती होती की परदेशी माणूस नाथांबद्दल असं काही विचारतो म्हटल्यावर त्यांना रुचणार नाही. ते डोळे मिटून ऐकत होते. दोन ठिकाणी नाथ दिसले इथवर आले तेव्हा म्हणाले, आमच्या फडावरचे बुवा हे असंच सांगायचे, देव जेवला, आणि मी लहान असताना आजीला विचारलं होतं की मग नाथ उपाशी राहिले का? आजीने गप्प बस म्हणून सांगितलं होतं.

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. झोपायला उठताना म्हणाले, त्या साहेबांना कळवता येत असेल तर एक विचार. नाथ जेवायला येणार म्हणून त्या बाईने त्या दिवशी स्वैपाकाला काय केलं होतं, हे कुणी कुठे लिहून ठेवलंय का?

रेकॉर्ड बटण, मी येते. प्रश्नांच्या यादीत हा पहिला घ्या.